शून्याचं पाऊल

"मॅडम, माझं शून्य कुठं गेलं?"

सामना संपून मिनिटही झालं नव्हतं. गंधाली शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत होती, आणि समोर सात नंबरचा निळा टी-शर्ट घामानं निथळत उभा होता. हरलेल्या संघातला मुलगा पंचाकडे येतो तेव्हा काय काय घेऊन येतो, याचा तिला दोन वर्षांत चांगलाच अनुभव आला होता – आवाज, हातवारे, कधी कधी तर काकासुद्धा. हा मात्र नुसता प्रश्न घेऊन आला होता.

"कसलं शून्य?"

"शेवटच्या बास्केटचं. एक आणि दोन तुम्ही बरोबर मोजलेत. पण शून्यही मोजलंत बहुतेक. ते मोजत नाहीत ना?"

"निर्णय झालाय. कोर्टवर वाद नकोय मला."

"वाद कुठं घालतोय? हरवलेली वस्तू विचारतोय," तो म्हणाला, आणि चक्क हसला. मग बॅग खांद्याला लावून, बूट हातात घेऊन अनवाणी चालता झाला.

झालं होतं असं. मुलुंडच्या त्या कोर्टवर ऑक्टोबरच्या उकाड्यात, चार सेकंद उरलेले असताना, कांजूरचा संघ एका गुणानं मागे होता. या मुलानं धावता धावता पास झेलला, लांब पावलं टाकत उसळी घेतली, आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. पण त्याआधीच गंधालीची शिट्टी वाजली होती. तिनं दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या – ट्रॅव्हल! म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं. बास्केट रद्द, कांजूर स्पर्धेबाहेर.

गंधाली अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्वालिटी तपासायची. दिवसभर गोळ्यांमधले दोष शोधायचे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या पायांतले. दुसऱ्याची चूक काढण्यात जिचा जन्म गेला, तिला स्वतःची चूक सापडली की काय होतं ते त्या संध्याकाळी कळलं. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. तिनं तो पाहिला. मग हळू करून पाहिला. मग थांबवून थांबवून अकरा वेळा पाहिला.

चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा त्याचा डावा पाय जमिनीवर होता. धावता धावता चेंडू हातात आला, तर त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल शून्य धरायचं. पुढचं एक, त्याच्या पुढचं दोन, आणि तेवढ्यात चेंडू हातातून सुटला पाहिजे. हे तिनं लेखी परीक्षेत सुवाच्य अक्षरात, आकृती काढून लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते. पण त्या चार सेकंदांत तिच्या कानात जे वाजलं ते पुस्तक नव्हतं. ते अण्णा होते.

अण्णा म्हणजे तिचे वडील. सगळं मुलुंड त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून तीही. चाळीस वर्षं त्यांनी शिट्टी वाजवली. गंधाली सहा वर्षांची असल्यापासून ते तिला कोर्टच्या कडेला बसवून सांगायचे, "चेंडूकडे सगळं जग बघतं. तू पायाकडे बघ. चेंडू हातात आला की मोज – एक, दोन. तिसरं पडलं की वाजव." तेव्हाचा तो नियमही होता. नियम बदलला, कान बदलले नाहीत.

"तीनच पावलं होती," अण्णा मटार सोलता सोलता म्हणाले. त्यांना व्हिडिओ दाखवायची गरज नव्हती, ते कोर्टशेजारच्या कट्ट्यावर बसून बघत होते. "मी मोजली."

"अण्णा, त्यातलं पहिलं शून्य."

"शून्य पाऊल म्हणजे काय? पाय पडला की पडला. उद्या म्हणाल, पहिला घास खाल्लाच नाही."

"माझी चूक झाली. मी त्याला सॉरी म्हणणारेय."

अण्णांच्या हातातली शेंग थांबली. "पंच शिट्टीबद्दल सॉरी म्हणत नसतो. तोंडातून गेलेली शिट्टी परत तोंडात येत नाही. निकालावर सही झाली ना? मग संपलं."

नियमानं खरंच संपलं होतं. पण गंधालीचा डोळा काही लागेना. त्या मुलानं आरडाओरडा केला असता तर ती निवांत झोपली असती.

शनिवारी हाफ डे होता. अंधेरीहून तिनं लिंक रोडची बस पकडली आणि कांजूरला उतरून, विचारत विचारत जुन्या गावठाणामागचं कोर्ट गाठलं. वारा फिरला होता, त्यामुळे कचऱ्याच्या डंपिंगचा वास चांगलाच स्वागताला आला होता. सात नंबर एकटाच होता, एका टोपलीत नेम धरून चेंडू मारत. टोपली मासळीची होती, भिंतीला बांधलेली.

"रिंग तुटलीय," तिला पाहून तो म्हणाला. मग एकदम ओळख पटून, "मॅडम! तुम्ही? इथं पण ट्रॅव्हल?"

"सॉरी म्हणायला आलेय," ती एका दमात म्हणाली. दम सोडला असता तर म्हणवलंच नसतं. "तुमचं बास्केट बरोबर होतं. मी शून्य मोजलं. चूक माझी."

तो बघतच राहिला. "अजून एकदा म्हणा ना."

"का?"

"कुठला पंच हे म्हणाला असं ऐकलं नाही कधी. रेकॉर्ड करून ठेवतो."

"हे बघा –"

"विपुल. आणि 'हे बघा' नको. चोवीस वर्षांचा आहे मी, चौसष्टचा नाही." तो हसला. तेच हसू, सामन्यानंतर घामानं निथळत हसलेलं. "चहा?"

विपुल विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता आणि सुट्टीला वडिलांबरोबर खाडीत होडी घेऊन जायचा. त्याची आई पार्वती मुलुंडच्या बाजारात मासळी विकायची. हे सगळं चहाच्या अर्ध्या ग्लासात कळलं. उरलेल्या अर्ध्यात गंधालीनं सांगून टाकलं की, नियम पाठ आहे पण शिट्टी जुन्या मोजणीनं वाजते, आणि जानेवारीत तिची राज्याच्या पंच-पॅनलची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. एका मोठ्या सामन्यात परीक्षक बसणार. तिथं असं झालं तर वाट लागली. परत बसायला पुढचं वर्ष.

"एवढंच?" विपुल उठला. "चल."

'तुम्ही'ची 'तू' कधी झाली हे तिच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा ते दोघं खाडीच्या धक्क्यावर होते, आणि ती भरतीच्या पाण्यावर डुलणाऱ्या होडीत उभी होती. तिवरांच्या मागे ऊन उतरत चाललं होतं.

"मी दोर टाकतो. झेल आणि उतर," तो धक्क्यावरून म्हणाला.

दोर आला. तिनं झेलला. एक पाय होडीतच होता. दुसरा तिनं धक्क्यावर टाकला, मग पहिला उचलून पुढे...

"थांब! धक्क्यावर किती पावलं टाकलीस?"

"दोन."

"आणि दोर झेललास तेव्हा पाय कुठं होता?"

"होडीत."

"तो धक्क्यावर चालत आला असं कुणी म्हणेल का? झालं. तो शून्य."

पुस्तकातल्या आकृतीनं जे तीन महिन्यांत झालं नव्हतं, ते एका दोरानं झालं. गंधाली इतकी खूश झाली की आणखी एकदा करून बघायला मागे वळली, शेवाळावर पाय सरकला, आणि – मनगट घट्ट धरलं गेलं. मासळीच्या टोपल्या उचलून कणखर झालेला तो हात गरम होता. पाण्यात कुठंतरी मासा उसळल्याचा आवाज आला.

"हा फाउल होता," शेवटी ती म्हणाली.

"सोडला असता तर बुडणं होतं. काय ते तूच निवड."

मग शनिवार त्यांचेच झाले. संध्याकाळी विपुल पळायचा. शंभर शंभर वेळा, कधी बरोबर, कधी मुद्दाम एक पाऊल जास्त टाकून. गंधाली उकिडवी बसून त्याचे पाय बघायची आणि ओरडायची, "शून्य, एक, दोन... बरोबर! शून्य, एक, दोन, तीन... चोर!" कधी तो टप्पे देणं थांबवून चेंडू धरायचा आणि परत टप्पे सुरू करायचा, कधी चेंडू तळहातावर उचलून न्यायचा, आणि ती ते सगळं पकडायची. दीड महिन्यात तिला त्याच्या पायांचं सगळं माहीत झालं. डाव्या टाचेवरची कालवाच्या शिंपल्यानं कापल्याची खूण, उजव्या बुटाची दुहेरी गाठ, आणि थकला की आत वळणारा अंगठा.

"माझा चेहरा कसाय सांग बरं," एकदा तो धापा टाकत म्हणाला.

"काय?"

"दीड महिना येतेस. कायम खाली बघतेस. बाजारात नुसतं तोंड दाखवलं तर ओळखशील की चप्पल काढू?"

"पंचानं पायाकडेच बघायचं असतं."

"आता तर सराव संपला ना... कधीतरी वर पण बघ की गं."

तिनं बघितलं नाही. बॅगची चेन तीन वेळा लावली आणि रिक्षा मिळायला उशीर होईल म्हणाली. घरी जाईपर्यंत कान गरम होते, आणि रिक्षावाल्याला सुट्टे द्यायचे तर विसरलीच, उतरायचंही विसरली असती.

जानेवारीत उपनगरांची स्पर्धा आली आणि कांजूरचा संघ एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचला. शनिवारी दुपारी पंचांची यादी ग्रुपवर आली. अंतिम सामना, रविवार, चार वाजता, मुलुंड. मुख्य पंच – गंधाली. परीक्षक – सुगंधा मॅडम.

तिनं यादी पाहिली आणि आनंदाऐवजी तिला एक कागद आठवला. त्यांच्या संघटनेची एक जुनी पद्धत होती. सामन्याआधी प्रत्येक पंच एका कागदावर सही करायचा – 'दोन्ही संघांतील कोणत्याही खेळाडूशी माझे नाते अथवा जवळीक नाही.' गंधालीनं अशा कितीतरी सह्या न वाचता ठोकल्या होत्या. आता ती ओळ आठवली, आणि तिच्यातला एक शब्द काही केल्या हलेना.

संध्याकाळी विपुलचा फोन आला.

"यादी पाहिली. झकास! तुझीच परीक्षा."

"विपुल, तो सहीचा कागद असतो..."

"माहितेय. कर ना सही."

"कशी करू?"

तो हलक्या आवाजात, जपून बोलला. "त्यात काय? आपल्यात आहे काय असं? तू पाय बघितलेस, मी पळालो. काहीच नाहीये, गंधाली. तू बिनधास्त सही कर. वर्ष वाया घालवू नको."

"काहीच नाहीये?"

"...नाही."

तिनं फोन ठेवला. तो हे तिच्या परीक्षेसाठी बोलला, हे न कळण्याइतकी ती वेडी नव्हती. तरी रडू यायचं ते आलंच. कळणं एकीकडे आणि डोळे दुसरीकडे.

रविवारी अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दोन वाजल्यापासून तयार होते. राज्य पॅनलची परीक्षा त्यांनी तीनदा दिली होती, तिन्ही वेळा हुकली होती. त्यावर ते कधी बोलायचे नाहीत. निघताना त्यांनी स्वतःची जुनी पितळी शिट्टी तिच्या हातात ठेवली आणि "चल" एवढंच म्हणाले. त्यामुळे तर फारच कठीण झालं.

पंचांच्या खोलीत सुगंधा मॅडमनी कागद पुढे केला. गंधालीनं पेन उघडलं. कोर्टवरून चेंडूंचे टप्पे ऐकू येत होते, आणि त्यातला कुठला विपुलचा हे तिला न बघता कळत होतं. शेवटच्या चार सेकंदांत तो असाच धावत आला तर? प्रेमापोटी तिची शिट्टी एक क्षण उशिरा वाजेल, किंवा प्रेम दिसू नये म्हणून एक क्षण लवकर. दोन्हीकडून चूकच. एकदा तिनं न कळत त्याचं बास्केट घालवलं होतं. कळून सवरून कुणाचंही घालवणं तिला जमणार नव्हतं.

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, ही मॅच मी करू शकत नाही."

सुगंधा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणी नातेवाईक आहे?"

"नाही."

"ठरलंय का काही?"

"नाही मॅडम. तो तर म्हणतो काहीच नाहीये."

"मग अडचण काय?"

"अडचण माझी आहे," गंधाली म्हणाली. "मला सात नंबर आवडतो. पंच म्हणून नाही... तसा. तो हरला तर मला वाईट वाटेल आणि जिंकला तर आनंद होईल. असा पंच मी दुसऱ्या संघाला दिला नसता."

खोलीत राखीव पंच होता, त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर फार बारकाईनं वाचायला घेतलं. मॅडमनी तिच्या नावावर रेघ मारली, खाली त्याचं नाव लिहिलं. "परीक्षा पुढच्या वर्षी. यात मला काही करता येणार नाही."

"माहितेय."

"या सहीला गुण नसतात," मॅडम कागदाची घडी घालत म्हणाल्या. "असते तर आज तुला पैकीच्या पैकी दिले असते. जा, मॅच बघ."

पंचाच्या काळ्या-करड्या पोशाखावर ओढणी गुंडाळून ती अण्णांच्या शेजारी येऊन बसली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, कोर्टवर गेलेल्या राखीव पंचाकडे पाहिलं.

"बरं नाही का?"

"सही केली नाही."

चाळीस वर्षं सह्या केलेल्या माणसाला आणखी सांगावं लागलं नाही. तिनं पितळी शिट्टी त्यांच्या हातात परत ठेवली, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि तिचा हातही धरून ठेवला.

"कितवा नंबर?"

"सात."

अण्णांनी डोळे बारीक केले. "हा पार्वतीबाईंचा का? नाक तेच." मग थोड्या वेळानं, सुस्कारा टाकून, "बाई मासळी कधी शिळी देत नाही. वजनातही मारत नाही."

गंधाली रडता रडता हसली. अण्णांकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं तिनं ऐकलं नव्हतं.

खेळ सुरू होताना विपुलनं पंचांकडे पाहिलं आणि गोंधळला. मग त्याची नजर कट्ट्यावर फिरली. ओढणीतल्या गंधालीवर येऊन थांबली, आणि पहिलाच पास त्याच्या कानाजवळून बाहेर गेला. त्याचा कॅप्टन काय ओरडला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढे मात्र तो खेळला. असा खेळला की गंधालीनं ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं. शेवटचे सहा सेकंद, कांजूर एका गुणानं मागे. विपुलनं धावता धावता पास झेलला – डावा पाय जमिनीवर. लांब उजवा. डावा. उसळी!

"ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!" समोरचा अख्खा कट्टा उठून ओरडला. पंचाची शिट्टी वाजली नाही. आणि त्या गोंगाटात गंधालीला शेजारून, अगदी तोंडातल्या तोंडात, ऐकू आलं –

"शून्य... एक... दोन. बरोबर आहे पोराचं."

तिनं वळून अण्णांकडे पाहिलं, त्यामुळे चेंडूचं काय झालं ते तिला दिसलंच नाही. तो रिंगवर दोनदा फिरला, क्षणभर थबकला, आणि बाहेर पडला. कांजूर हरलं.

मैदान रिकामं होईपर्यंत ती बसून राहिली. पाणी आणतो म्हणून अण्णा उठून गेले. शेजारची बाटली तर भरलेलीच होती. विपुल सावकाश कट्ट्याच्या पायऱ्यांखाली येऊन उभा राहिला.

"नियमात होतं ना?"

"नियमात होतं. नेम चुकला."

"हं." तो बुटाच्या दुहेरी गाठीशी खेळत राहिला. "सही का नाही केलीस? मी सांगितलं होतं ना, काही नाहीये म्हणून."

"मला खोटी सही करायची नव्हती."

"वर्ष गेलं तुझं."

"गेलं," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं नजर पायांवरून उचलली. निळ्या टी-शर्टवरून, हनुवटीवरून वर नेली आणि त्याच्या डोळ्यांवर ठेवली. काढली नाही. डोळे लाल होते, थोडे हरण्यानं आणि थोडे कशानं ते तिला कळलं. "तू काल खोटं बोललास का?"

विपुलनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"शून्य," ती हळूच म्हणाली.

दुसरी पायरी.

"एक."

तिसरी. आता दोघांमध्ये हातभर अंतर होतं. त्याच्या श्वासाची लय तिला पाठ होती. आज ती चुकत होती.

"दोन," गंधाली म्हणाली. "झाली पावलं. आता जे धरून ठेवलंयस ते सोडायला लागतं, नाहीतर –"

"तू मला आवडतेस," विपुल म्हणाला. "टोपलीत चेंडू मारत होतो आणि तू सॉरी म्हणायला आलीस ना... तेव्हापासून. काल मी खोटं बोललो. माझी चूक. सॉरी."

खालच्या दारात अण्णा पाण्याची दुसरी बाटली घेऊन उभे होते. त्यांची शिट्टी हातात होती. ती त्यांनी उचलून ओठांपाशी नेली, वर एकदा बघितलं, आणि न वाजवता खिशात टाकली.